लिंगताठरतेच्या तक्रारीसाठी क्लिनिकल ट्रायल: कशी शोधायची, कशी पारखायची, कसं सहभागी व्हायचं

कुणाला सिल्डेनाफिल, टाडालाफिलसारख्या ताठरतेच्या गोळ्यांचा काहीच उपयोग होत नाही. कुणाला हृदयासाठी नायट्रेट गटाची औषधं चालू असल्यामुळे त्या गोळ्यांना हातही लावता येत नाही. कुणाचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालंय आणि त्यानंतर ताठरता परत आलेली नाही. ईडीवरच्या, म्हणजे इरेक्टाइल डिसफंक्शनवरच्या ट्रायलची चौकशी करणारे बहुधा यांपैकीच असतात. ही चौकशी बरेच जण कुणालाही न सांगता, एकट्याने मोबाइलवर सुरू करतात. एकटा शोधणारा माणूस जाहिरातींच्या तावडीत पटकन सापडतो, म्हणून अगदी पहिल्या पायरीपासून लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. ट्रायलचा मुख्य हेतू तुम्हाला बरं करणं हा नसतो. एखादं औषध किंवा यंत्र खरंच काम करतं का आणि ते सुरक्षित आहे का, हे शोधून काढणं हा तिचा हेतू असतो. तुम्हाला फायदा होईलही, पण तो धरून चालू नका. तुम्हाला मिळणारी गोळी निव्वळ प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी असू शकते. हे मनाला पटत असेल तर ट्रायल हा चांगला, अभिमानाने घेण्यासारखा निर्णय आहे. पटत नसेल तर आधी नेहमीचे उपचार पूर्ण करून पाहा.

आधी स्वतःची नीट तपासणी

ही पायरी टाळू नका. लिंगाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या साधारण १ ते २ मिलिमीटर व्यासाच्या असतात, हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटरच्या. रक्तवाहिन्या आतून खराब होऊ लागल्या की त्रास आधी बारीक वाहिन्यांमध्ये दिसतो. त्यामुळे ताठरता कमी होणं ही कित्येकदा हृदयविकाराची काही वर्षं आधी मिळालेली सूचना असते. ब्लड प्रेशर, साखर, कोलेस्टेरॉल आणि सकाळच्या वेळचं टेस्टोस्टेरॉन एवढं तरी तपासून घ्या. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा. नैराश्यावरची काही औषधं आणि ब्लड प्रेशरवरच्या काही गोळ्यांचा ताठरतेवर परिणाम होतो. अशा वेळी ट्रायलची गरजच पडत नाही, डॉक्टरांनी औषध बदललं की फरक दिसू शकतो. मात्र औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका.

‘मला गोळ्या लागू पडत नाहीत’ हे वाक्यही एकदा तपासून घ्यावं. सिल्डेनाफिल तेलकट, जड जेवणावर घेतली की तिचा परिणाम उशिरा आणि कमी होतो. गोळी घेऊन नुसतं वाट पाहत बसलं तर काही होत नाही, कारण लैंगिक उत्तेजना नसेल तर ती काम करत नाही. अनेक जण कमी डोसवर एक-दोनदा प्रयत्न करून सोडून देतात. आधी योग्य डोस, योग्य वेळ आणि पुरेसे प्रयत्न झालेत का ते पाहा. गोळ्यांपलीकडे व्हॅक्युम पंप, लिंगात घ्यायचं अल्प्रोस्टाडिल या औषधाचं इंजेक्शन आणि लिंगात बसवायचं इम्प्लांट हे जुने, मान्य उपाय आहेतच.

याचा ट्रायलशी थेट संबंध आहे. काही ट्रायलना गोळ्या लागू न पडलेलेच लोक हवे असतात, काहींना कधीच गोळी न घेतलेले, तर काहींना गोळीचा उपयोग होतो पण आता दुसरं काही तपासायचं आहे असे. तुम्ही नेमके कुठे बसता हे तपासणीशिवाय तुम्हालाही सांगता येणार नाही.

कुठे शोधायचं

सर्वांत मोठी यादी अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची आहे, क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह. २००० साली सुरू झालेली ही रजिस्ट्री जगभरातल्या ट्रायलची नोंद ठेवते. प्रत्येक ट्रायलला एनसीटी या तीन अक्षरांपुढे आठ आकडे असा क्रमांक मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीटीआरपी नावाचं पोर्टल अनेक देशांच्या रजिस्ट्री एकत्र दाखवतं. युरोपियन युनियनची सीटीआयएस, ब्रिटनमधून चालणारी आयएसआरसीटीएन, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची एएनझेडसीटीआर आणि भारताची सीटीआरआय या त्यांतल्या ठळक. शोध इंग्रजीत टाईप करावा लागतो. आजाराच्या रकान्यात इरेक्टाइल डिसफंक्शन लिहा, देश निवडा आणि ‘रिक्रूटिंग’ हा फिल्टर लावा. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतरचा त्रास असेल तर ‘प्रोस्टेटेक्टॉमी’ किंवा ‘पिनाइल रिहॅबिलिटेशन’ हे शब्द जोडून पुन्हा शोधा. मधुमेह असेल तर ‘डायबिटीस’ जोडा. नुसता एकच शब्द टाकून थांबलात तर तुमच्या कामाची ट्रायल हातची निसटू शकते.

आपल्या यूरॉलॉजिस्टना, म्हणजे मूत्रविकारतज्ज्ञांना, विचारणं हा दुसरा मार्ग, आणि माझ्या मते तो कमी लेखला जातो. वैद्यकीय महाविद्यालयांच्या यूरॉलॉजी आणि अँड्रॉलॉजी (पुरुषांचं लैंगिक आरोग्य) विभागांना आसपास काय चाललंय ते ठाऊक असतं.

नोंद कशी वाचायची

रजिस्ट्रीतलं एक पान उघडा आणि घाई न करता वाचा. वर स्थिती दिलेली असते. ‘रिक्रूटिंग’ म्हणजे भरती चालू. ‘नॉट येट रिक्रूटिंग’ म्हणजे अजून सुरू व्हायची आहे, अशी नोंद जपून ठेवावी. ‘अॅक्टिव्ह, नॉट रिक्रूटिंग’ म्हणजे काम चालू आहे पण नवे लोक घेत नाहीत. ‘अननोन’ दिसलं तर समजा की दोन वर्षांहून जास्त काळ कुणी माहिती ताजी केलेली नाही, तिथे फार आशा ठेवू नका.

मग टप्पा पाहा. पहिल्या टप्प्यात मुख्यतः सुरक्षितता आणि डोस पाहतात, तेही थोड्या लोकांवर. दुसऱ्यात परिणामाची चाहूल घेतात. तिसऱ्यात मोठ्या गटावर नीट तुलना होते, चौथा टप्पा औषध बाजारात आल्यानंतरचा. पहिल्यांदाच जाणाऱ्याने तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यातली ट्रायल आधी पाहावी असं मला वाटतं, कारण तोवर दुष्परिणामांची बरीचशी माहिती हाती आलेली असते. यंत्रांच्या ट्रायलला असे टप्पे लिहिलेले नसतात.

त्याखाली पात्रतेच्या अटी असतात. सगळ्यांत जास्त वेळ इथे घालवा. ईडीच्या ट्रायलमध्ये वारंवार दिसणाऱ्या अटी अशा: वयाची मर्यादा, किमान काही महिन्यांपासूनचा त्रास, स्थिर जोडीदार, आणि ट्रायलच्या काळात ठरावीक संख्येने संबंधाचा प्रयत्न करायची तयारी. वगळण्याच्या यादीत बहुधा नायट्रेट घेणारे, अलीकडे हार्ट अॅटॅक किंवा स्ट्रोक येऊन गेलेले, ताब्यात नसलेलं ब्लड प्रेशर किंवा मधुमेह असलेले, लिंगाला मोठा बाक असलेले आणि इम्प्लांट बसवलेले लोक असतात. एखाद्या अटीत बसत नसाल तर ती लपवून आत शिरायचा विचारही करू नका. नायट्रेट आणि ईडीच्या गोळ्या एकत्र गेल्या तर ब्लड प्रेशर जिवावर बेतेल इतकं खाली येऊ शकतं. त्या अटी तुमच्या जिवासाठीच लिहिलेल्या असतात.

शेवटी ‘आर्म्स’ आणि ‘आउटकम’ हे दोन भाग पाहा. किती गट आहेत, तुलना कशाशी होणार आहे आणि यश कशाने मोजणार आहेत, हे तिथे कळतं. तुलनेचा गटच नसेल तर त्या ट्रायलमधून ईडीबद्दल फारसं काही सिद्ध होत नाही, कारण या आजारात प्लासिबोचा परिणाम मोठा असतो.

याचं एक बोलकं उदाहरण आहे. एका ब्रिटिश कंपनीने ग्लिसरिल ट्रायनायट्रेट असलेलं, लिंगावर लावायचं जेल तिसऱ्या टप्प्यातल्या मोठ्या ट्रायलमध्ये तपासलं. २०१९च्या अखेरीस निकाल आला: औषध असलेलं जेल आणि औषध नसलेलं जेल यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता, पण सुधारणा दोन्ही गटांत दिसली. मग कंपनीने औषध नसलेल्या जेलवरच पुढचं काम केलं. ते पटकन उडून आधी थंडावा आणि मग ऊब देतं, त्याने तिथल्या मज्जातंतूंना चालना मिळते असं कंपनीचं म्हणणं. २०२३च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने त्याला प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायची परवानगी दिली, आणि आज ते इरॉक्सॉन या नावाने ओळखलं जातं. त्या सुधारणेत जेलचा वाटा किती आणि आशेचा किती, हे वेगळं काढणं कठीण आहे. म्हणूनच तुलनेच्या गटाला इतकं महत्त्व आहे.

पैसे मागितले की थांबा

खऱ्या ट्रायलमध्ये ज्याची तपासणी चालू आहे ते औषध किंवा यंत्र प्रायोजक (ट्रायल करवणारी कंपनी किंवा संस्था) पुरवतो, आणि त्यासाठीच्या जादा तपासण्याही साधारणपणे त्याच्याच खर्चाने होतात. अनेक ठिकाणी प्रवासखर्च मिळतो. ‘संशोधनात सहभागी व्हा, सवलतीच्या दरात’ अशी जाहिरात दिसली तर सावध व्हा. शॉकवेव्ह (लिंगावर सौम्य ध्वनिलहरी सोडणं), पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून वेगळ्या केलेल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन) आणि स्टेम सेल (मूळ पेशींचं इंजेक्शन) या तिन्हींच्या बाबतीत हे फार दिसतं. अमेरिकन यूरॉलॉजिकल असोसिएशनने २०१८च्या मार्गदर्शक तत्त्वांत शॉकवेव्ह आणि स्टेम सेल यांना तपासणीच्या अवस्थेतले उपचार म्हटलं होतं आणि पीआरपीला प्रायोगिक. यांवर गंभीर संशोधन चालू आहे आणि त्यात भाग घ्यायला हरकत नाही. पण तेच उपचार मोठी रक्कम घेऊन, तुलनेच्या गटाशिवाय, ‘हमखास फरक’ म्हणून विकणं याला संशोधन म्हणता येत नाही.

‘आमची नोंद सरकारी रजिस्ट्रीवर आहे’ या वाक्याने भुलू नका. नोंद म्हणजे मंजुरी नसते, आणि क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्हवर तसा स्पष्ट इशाराही लिहिलेला आहे. विचारायचं ते हे: कोणत्या एथिक्स कमिटीने, म्हणजे सहभागी लोकांच्या सुरक्षिततेवर आणि हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीने, मंजुरी दिली, आणि त्या कमिटीशी थेट संपर्क कसा करायचा? खरी मंडळी हे लगेच सांगतात, कारण संमतीपत्रावर ते छापलेलंच असतं.

पहिला फोन

नोंदीत संपर्काचा नंबर किंवा ईमेल असतो. फोन उचलणारी व्यक्ती बहुधा स्टडी कोऑर्डिनेटर असते. ट्रायलचा क्रमांक आधी सांगा, मग वय, त्रास किती दिवसांपासून आहे, कोणती औषधं चालू आहेत, आधी काय करून पाहिलं. लाजायचं कारण नाही. हेच प्रश्न ती माणसं दिवसभर विचारत असतात आणि तुमचं उत्तर त्यांच्यासाठी ब्लड प्रेशरच्या आकड्यासारखंच असतं. फोनवर मोकळेपणी बोलता येणार नसेल तर ईमेलने सुरुवात करा. घरी कुणाला कळू द्यायचं नसेल तर कोणत्या नंबरवर, किती वाजता फोन करावा आणि निरोप ठेवावा की नाही, हेही पहिल्याच वेळी सांगून ठेवा.

स्क्रीनिंग: प्रश्नावली आणि डायरी

फोनवर जमलं तर तपासणीला बोलावतात. रक्त, लघवी, ईसीजी, शारीरिक तपासणी. पण ईडीच्या ट्रायलचा खरा कणा आहे आयआयईएफ (इंटरनॅशनल इंडेक्स ऑफ इरेक्टाइल फंक्शन) ही प्रश्नावली. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रश्नावलीत १५ प्रश्न आहेत, मागच्या चार आठवड्यांबद्दलचे. त्यांतले सहा प्रश्न ताठरतेचे, कमाल गुण ३०. २६ आणि त्यापुढे त्रास नाही असं धरतात, २२ ते २५ सौम्य, १७ ते २१ सौम्य ते मध्यम, ११ ते १६ मध्यम, १० किंवा कमी म्हणजे तीव्र.

या कागदावर बरेच जण गडबडतात. पहिलाच प्रश्न असा की, लैंगिक क्रियेच्या वेळी किती वेळा ताठरता आली? पर्याय ‘जवळजवळ नेहमी’पासून ‘जवळजवळ कधीच नाही’पर्यंत, आणि एक वेगळा पर्याय ‘लैंगिक क्रिया केली नाही’, त्याला शून्य गुण. भीतीपोटी महिनाभर प्रयत्नच केला नसेल तर गुण खाली येतात, पण ते अपयशाचे गुण नसतात. म्हणूनच अनेक ट्रायलमध्ये आधी साधारण चार आठवड्यांचा बिनऔषधाचा काळ असतो, आणि त्यात ठरावीक वेळा प्रयत्न करायला सांगतात. काहींना स्वतःचा त्रास कमी करून सांगायची सवय असते, काही जण निवड व्हावी म्हणून वाढवून सांगतात. दोन्हींनी नुकसानच होतं. जे घडलं तेच लिहा.

ट्रायलमध्ये भरायला देतात त्या डायरीचंही तसंच. प्रत्येक प्रयत्नानंतर दोन मुख्य प्रश्न असतात: प्रवेश करता आला का, आणि संबंध पूर्ण होईपर्यंत ताठरता टिकली का? ‘हो’ किंवा ‘नाही’. आठवड्याच्या शेवटी आठवून सगळं एकदम भरू नका, त्याच दिवशी भरा.

इथेच निकाल वाचायची एक युक्तीही सांगतो. आयआयईएफच्या ताठरतेच्या भागात साधारण ४ गुणांचा फरक पडला तर तो माणसाला स्वतःला जाणवतो असं मानलं जातं. सौम्य त्रासात २ गुणही पुरतात, तीव्र त्रासात ७ लागतात. त्यामुळे एखाद्या उपचाराने ‘लक्षणीय सुधारणा’ झाली असं कुणी म्हणालं तर किती गुणांची, आणि प्लासिबोपेक्षा किती जास्त, हे विचारा.

संमतीपत्र

ते घरी न्या. खरी ट्रायल चालवणारे तुम्हाला ‘आत्ताच सही करा’ म्हणत नाहीत. दोन-तीन दिवस घ्या, न कळलेल्या ओळीखाली रेघ मारा आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. सही करण्याआधी मला पुढच्या गोष्टी विचाराव्याशा वाटतात:

- प्लासिबो मिळण्याची शक्यता किती, आणि ट्रायल संपल्यावर खरं औषध मिळण्याची काही सोय आहे का?
- आत्ता घेत असलेली ईडीची गोळी किती दिवस आधी बंद करावी लागेल, आणि त्या काळात मी दुसरं काय वापरू शकतो?
- किती भेटी, प्रत्येक भेट किती तासांची, प्रवासखर्च कोण देणार?
- दुष्परिणामाने इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार? हे लेखी आहे का?
- माझी माहिती कोण पाहणार? घरच्या डॉक्टरांना कळवणार का?
- रात्री-अपरात्री अडचण आली तर फोन कुणाला करायचा?

जोडीदाराचा प्रश्न नाजूक आहे. काही ट्रायलमध्ये जोडीदारालाही प्रश्नावली भरावी लागते, आणि मग तिची किंवा त्याची वेगळी संमती लागते. तशी अट नसली तरी सांगून जावं असं मला मनापासून वाटतं. ठरलेल्या दिवसांत ठरलेले प्रयत्न करायचे आणि ते डायरीत लिहायचे, हे एकट्याचं काम नाही. न सांगता केलं तर समोरच्याला आपण प्रयोगातले झालो असं वाटू शकतं, आणि ते वाटणं रास्त असेल.

सही झाली तरी तुम्ही बांधले जात नाही. १९६४ साली स्वीकारलेल्या हेलसिंकी जाहीरनाम्यापासून जगभरातल्या नियमांचा पाया हाच आहे की सहभाग ऐच्छिक असतो. कोणत्याही दिवशी बाहेर पडता येतं, कारण द्यावं लागत नाही आणि त्यामुळे तुमच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये. फक्त न सांगता गायब होऊ नका. शेवटची तपासणी करून घेणं तुमच्याच हिताचं असतं.

ट्रायल चालू असताना

गट चिठ्ठी टाकल्यासारखा ठरतो. डबल ब्लाइंड ट्रायल असेल तर तुम्हालाही आणि डॉक्टरांनाही माहीत नसतं की तुम्हाला काय मिळतंय. अंदाज बांधत बसू नका, आणि फरक दिसेना म्हणून बाहेरची गोळी गुपचूप तर मुळीच घेऊ नका. ‘हर्बल’, ‘आयुर्वेदिक’, ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ताकदीच्या गोळ्यांमध्ये लेबलवर न लिहिता सिल्डेनाफिल मिसळल्याचे प्रकार औषध नियामकांना पुन्हा पुन्हा सापडले आहेत. अशी गोळी ट्रायलच्या औषधावर घेतली तर डोस नकळत दुप्पट होऊ शकतो.

छोटी तक्रारही कळवा: डोकेदुखी, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं, पाठदुखी, नजर निळसर होणं. आपल्याला किरकोळ वाटणारी गोष्ट संशोधकाला महत्त्वाची असू शकते. सिल्डेनाफिल मुळात अंजायनासाठी, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखण्यासाठी, तपासली जात होती. स्वयंसेवकांनी ताठरता येत असल्याचं सांगितलं, म्हणून संशोधन इकडे वळलं, आणि १९९८च्या मार्चमध्ये तिला अमेरिकेत ईडीसाठी मान्यता मिळाली.

तीन प्रसंगी फोनची वाट न पाहता थेट इमर्जन्सी विभागात जा: ताठरता चार तासांहून जास्त टिकली, छातीत दुखलं, किंवा अचानक दिसायचं अथवा ऐकू यायचं कमी झालं. ट्रायलचं कार्ड सोबत ठेवा. छातीत दुखत असेल तर कोणत्या ट्रायलमध्ये आहात हे पहिल्या वाक्यात सांगा, नाहीतर तिथले डॉक्टर नायट्रेट देतील. सिल्डेनाफिल घेतल्यावर किमान २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर किमान ४८ तास नायट्रेट टाळतात.

निवड झाली नाही तर, आणि संपल्यानंतर

स्क्रीनिंगमध्ये नाव गळणं अगदी नेहमीचं आहे. कारण विचारून लिहून घ्या. साखर जास्त निघाली म्हणून गळलात तर ती ताब्यात आणून दुसऱ्या ट्रायलला जाता येतं, टेस्टोस्टेरॉन कमी निघालं तर त्याचे स्वतंत्र उपचार आहेत. तपासण्यांच्या रिपोर्टची प्रत मागून घ्या, पुढच्या डॉक्टरांना ती लगेच उपयोगी पडते. एक ट्रायल संपवून लगेच दुसरीत शिरता येत नाही, मधे किती अंतर लागेल ते नव्या ट्रायलच्या अटींत लिहिलेलं असतं.

ट्रायल पूर्ण झाल्यावर तुम्ही कोणत्या गटात होतात हे कधी कळेल ते विचारून ठेवा. सगळ्यांचं संपेपर्यंत ते सहसा सांगत नाहीत. ट्रायलचा क्रमांक जपून ठेवा. अमेरिकी कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या ट्रायलना मुख्य मोजमाप पूर्ण झाल्यापासून साधारण वर्षभरात निकाल क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्हवर टाकावे लागतात, काहींना मुदतवाढ मिळते. तोच क्रमांक टाकून ‘रिझल्ट्स’ हा टॅब उघडला की तुम्ही भरलेल्या डायऱ्यांमधून शेवटी काय निघालं ते तुम्हाला वाचता येईल.